मदत हवी आहे: दोन लहान मुलांना घेऊन मुंबई ते लंडन

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात मी दोन्ही मुलांना घेऊन एकटीच लंडनला निघतेय, नवरा तिकडेच आहे. लेक साडेतीन वर्षांची, धाकटा १० महिन्यांचा. बेसिनेटची (विमानात बाळाला झोपवायच्या छोट्या पाळण्याची) सीट मागून ठेवलीय, पण बाळ आत्ताच साडेनऊ किलोचं आहे आणि बऱ्याच विमानांत मर्यादा १०-११ किलोचीच असते. नाही मिळालं तर ९-१० तास मांडीवर कसं निभावलंत?

विमान उतरताना धाकट्याला अंगावर पाजेन, म्हणजे कान दुखणार नाहीत. पण थोरलीला काय द्यावं? मागे दिल्लीला जाताना ती कान धरून इतकी रडली की आठवलं तरी पोटात कालवतं. नाचणीसत्त्वाची खीर डब्यातून नेली तर सुरक्षा तपासणीत अडवतात का? एकटीने गेलेल्या आयांनी जरूर सांगा.