क्षय आवरतोय की नाही, हे रक्ताला विचारावं का?

सुईदोरा (धागाकर्ती)
उपचारांच्या तिसऱ्या महिन्यात समोर बसणारा क्षयाचा रुग्ण बहुधा खुशीत असतो. खोकला गेलाय, जेवण जातंय. मी थुंकीची डबी हातात दिली की तो बुचकळ्यात पडतो. बाहेर जाऊन दहा मिनिटं खाकरतो आणि डबीत येते फेसाळ लाळ. प्रयोगशाळेचा शेरा ठरलेला: 'नमुना अयोग्य, पुन्हा पाठवा.' माणूस जितका सुधारतो तितका आमचा पुरावा आटत जातो. कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघणं) द्रव माध्यमात लावलं तरी निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं. जंतूंचा डीएनए शोधणारं जीन एक्सपर्ट यंत्र मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडतं, म्हणून औषधं चालू असताना त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

रक्तात मात्र बरंच काही हलत असतं. २०१० मध्ये ३९३ जनुक-संदेशांचा एक ठसा, म्हणजे क्षयात रक्तातली कोणती जनुकं चढतात-उतरतात याचा नमुना, प्रसिद्ध झाला. उपचार सुरू झाल्यावर दोन महिन्यांतच तो फिका पडू लागतो असं त्यात दिसलं. पुढे दुसऱ्या एका गटाने तीनच जनुकांवर भागवलं: जीबीपी५, डीयूएसपी३ आणि केएलएफ२. बोटाला सुई टोचून निघालेल्या रक्तात हे मोजायचे प्रयत्नही झाले आहेत. माझं म्हणणं सरळ आहे. पाठपुराव्यातून थुंकी काढा, रक्त आणा.

काचपट्टी
साफ असहमत. थुंकीत जंतू दिसतो, रक्तात दिसतो तो शरीराने केलेला आरडाओरडा. तुमच्या ठशांमधली बरीच जनुकं इंटरफेरॉनच्या, म्हणजे शरीराच्या धोक्याच्या इशाऱ्याच्या, हुकमावर चालतात, आणि इंटरफेरॉन साध्या विषाणूच्या तापातही उसळतं. रुग्णाला मध्येच फ्लू झाला तर औषधं लागू पडत नाहीत असं म्हणणार का?

हा मोह नवा नाही. वेस्टरग्रेन यांनी ईएसआरची (रक्तातल्या तांबड्या पेशी किती वेगाने खाली बसतात ते मोजायची) पद्धत बसवली ती १९२१ मध्ये, क्षयरोग्यांच्याच रक्तावर. आज तोच ईएसआर पंडुरोगात वाढतो, म्हातारपणी वाढतो, गरोदरपणात वाढतो. प्रतिपिंडं (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) शोधणाऱ्या रक्तचाचण्यांचं तर विचारूच नका. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला 'क्षयाच्या निदानासाठी या वापरू नका' असं स्पष्ट सांगावं लागलं.

सुईदोरा
प्रतिपिंडांची बाजू मी घेतलेलीच नाही. इग्रा या रक्तचाचणीचीही नाही, क्षयाच्या जंतूशी कधी गाठ पडली होती का, ही शरीराची जुनी आठवण ती सांगते. जंतू सुप्त आहे की सक्रिय, हे तिला कळत नाही आणि उपचाराने ती भरवशाने उतरतही नाही. पण सूक्ष्मदर्शकाखालची तुमची काचपट्टी तरी कुठे सोवळी आहे? एका मिलिलिटर थुंकीत पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय तिला दिसत नाहीत. निगेटिव्ह म्हणजे जंतू संपले असं नाही, दिसेनासे झाले एवढंच.

आईची_लेक
मी डॉक्टर नाही, पण आमच्या घरी थुंकीचा प्रश्नच नव्हता. आईला मानेतल्या गाठीचा क्षय आहे. दुसऱ्या महिन्यात गाठ कमी व्हायची सोडून लिंबाएवढी झाली, रक्तातला सीआरपी हा दाह दाखवणारा आकडाही चढला. मी कागद हातात धरून रडायच्या बेतात. डॉक्टरांनी आईला चपला काढून काट्यावर उभं केलं. वजन दोन किलोने वाढलेलं. म्हणाले, औषध लागू पडतंय, प्रतिकारशक्ती जागी झाली की गाठ कधीकधी अशी फुगते. औषधं बदलली नाहीत. आता चौथा महिना आहे आणि गाठ बोराएवढी उरलीय. नुसत्या आकड्यावर चाललो असतो तर?

काचपट्टी
+१. वजनकाट्याला इंटरफेरॉन कळत नाही, हे त्याचं भाग्य.

त्रैराशिक
थोडा हिशोब मांडतो. समजा एक चाचणी आजार उलटणाऱ्या (औषधं थांबल्यावर क्षय परत येणाऱ्या) शंभरांतले ८० पकडते आणि न उलटणाऱ्यांतल्या ८० जणांना बरोबर 'बिनघोर' म्हणते. सहा महिने पूर्ण केलेले शंभर जण घेऊ, त्यात पाचांचा आजार उलटणार असं धरू. चाचणी २३ जणांवर बोट ठेवेल, त्यातले १९ उगाच. इथे काचपट्टींचं बरोबर.

पण तीच चाचणी चार महिन्यांवर लावा. फ्लुरोक्विनोलोन गटातलं प्रतिजैविक घालून उपचार चार महिन्यांवर आणण्याचे २०१४ मधले प्रयोग फसले, तरी त्यांत साधारण पाचात चार रुग्ण बरे झाले होते. म्हणजे शंभरात २० उलटणारे धरू. चाचणी ३२ जणांना औषधं चालू ठेवायला सांगते, ६८ जणांना 'बिनघोर' म्हणते. त्या ६८ मध्ये उलटणारे फक्त चार, म्हणजे सुमारे सहा टक्के. सहा महिन्यांनंतरच्या पाच टक्क्यांच्या अगदी जवळ! ६८ माणसांचे दोन-दोन महिने वाचले. चाचणी तीच, फक्त प्रश्न कधी विचारला त्याने सगळं फिरलं.

काचपट्टी
हिशोब देखणा आहे, पण ८०-८० कुठून आणलेत? बोलाचीच कढी, बोलाचाच भात. दक्षिण आफ्रिकेत अकरा जनुकांच्या ठशावरून प्रतिबंधक औषध देऊन पाहिलं, निकाल २०२१ मध्ये आला. पुढे कोणाला क्षय होण्याचा धोका जास्त हे ठशाने ओळखलं, पण त्या लोकांना दिलेल्या औषधाने तो टळला नाही.

आणि 'बरा' म्हणजे कोण? २०१६ मध्ये उपचार संपलेल्यांचे पेट स्कॅन (शरीरात कुठे दाह धगधगतोय ते दाखवणारी चित्रं) पाहिले, तर थुंकी स्वच्छ असलेल्या कित्येकांच्या फुप्फुसांत अजून धग होती. ती धग रक्तात उमटली तर तुम्ही औषधं लांबवणार, आणि त्यातले बरेचसे तसेही ठणठणीत राहिले असते.

त्रैराशिक
८०-८० गृहीतच आहे, मान्य. खरा आकडा काढायचा तर शेकडो रुग्णांचं रक्त साठवून उपचारांनंतर वर्ष-दोन वर्षं त्यांच्या मागे राहावं लागेल. त्याला ना पैसा मिळतो ना धीर.

सुईदोरा
'थुंकी काढा' हे मागे घेते, 'रक्त आणा' हे नाही. औषध थांबवायचा निर्णय रक्तावर नको, ठीक. पण दोन महिने होऊनही ठसा जराही उतरला नाही, तर रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला प्रतिरोध आहे का, गोळ्या खरंच पोटात जातायत का, मुळात निदान बरोबर आहे का, एवढं तपासायला तरी कारण मिळेल. कल्चरची वाट बघत बसण्यापेक्षा बरं.

काचपट्टी
त्यासाठी ठसा कशाला? गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजा.

आईची_लेक
मग पुढच्या महिन्यात आईचा सीआरपी करू की नको?

सुईदोरा
डॉक्टरांना एवढंच विचारा: आकडा चढलेला आला तर काय बदलणार? उत्तर 'काही नाही' असेल तर सुई वाचवा. वजन मात्र दर महिन्याला, त्याच काट्यावर, चपला काढून.