सोडून गेलेले प्राध्यापक आणि रिकामी राहिलेली खुर्ची

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

प्राध्यापक कंटाळून विद्यापीठ सोडतो, दुसरीकडे जाऊन नाव कमावतो, आणि मग त्याच जुन्या विद्यापीठाच्या गौरवग्रंथात 'आमचे माजी प्राध्यापक' म्हणून त्याचे छायाचित्र छापले जाते. हा प्रकार मला नेहमीच थोडा निलाजरा वाटत आला आहे. माझे म्हणणे असे, की सोडून गेलेल्या माणसाचा उत्कर्ष हा जुन्या संस्थेवरचा ठपका असतो आणि तो तसाच वाचला पाहिजे.

उदाहरण म्हणून अलीगढ मुस्लिम विद्यापीठ घ्या. कुलगुरू रॉस मसूद यांनी १९३० साली आंद्रे वेय या अवघ्या तेवीस वर्षांच्या फ्रेंच गणितज्ञाला तेथे थेट प्राध्यापकपदी बोलावले. वेय यांनी गणितज्ञ विजयराघवन यांना आणि गोव्यात जन्मलेल्या, हार्वर्डला शिकलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींना विभागात आणले. त्या काळी देशात इतका तरुण आणि इतका तयारीचा गणित विभाग क्वचितच दुसरा असेल. तरीही तीनेक वर्षांत तिघांपैकी एकही तेथे उरला नाही. विजयराघवन ढाक्याला गेले आणि पुढे मद्रासच्या रामानुजन गणित संस्थेचे पहिले संचालक झाले. वेय स्ट्रासबर्ग, शिकागो करीत प्रिन्स्टनला पोहोचले आणि विसाव्या शतकातल्या पहिल्या रांगेतल्या गणितज्ञांत गणले गेले. कोसंबी पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात आले.

कोसंबींचे पुण्यातले दिवस पाहिले म्हणजे अलीगढने काय गमावले ते कळते. प्राचीन आहत (ठसे मारून पाडलेल्या) नाण्यांचे ढीग घेऊन हा गणिताचा प्राध्यापक एकेक नाणे काट्यावर ठेवून वजन टिपून घेत असे. चलनातले नाणे हातोहात फिरताना झिजते, म्हणून वजने किती घटली आणि किती विखुरली यांवरून ते किती काळ फिरले असावे याचा अंदाज बांधता येतो, हा त्यामागचा विचार होता. झीज प्रत्यक्ष कशी होते ते ताडून पाहण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही तोलली. याच पुण्याच्या काळात गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे जे सूत्र त्यांनी मांडले, ते आजही आनुवंशशास्त्रात त्यांच्याच नावाने वापरले जाते. हे सारे अलीगढच्या नावावर जमा होऊ शकले असते.

उलटतपासणी

धागाकर्त्यांचे लेखन आवडले, निष्कर्ष मात्र पटला नाही. कोसंबींची गोष्ट आपण सोयीच्या ठिकाणी थांबवली आहे. फर्ग्युसनही सुटलेच. पुढे भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नेले. पुण्याचे बिऱ्हाड कायम ठेवून ते डेक्कन क्वीनने मुंबईला जा-ये करीत, आणि १९६२ साली त्या संस्थेनेही त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही. एकाच माणसाचे तीन ठिकाणी बिनसले असेल, तर तिन्ही संस्था नालायक होत्या असे म्हणायचे, की काही माणसे कोणत्याच चौकटीत मावत नाहीत असे म्हणायचे?

दुसरे असे, की जाण्याने उत्कर्ष होतो हा क्रमच तपासून पाहावा लागतो. कलकत्ता विद्यापीठातून सत्येंद्रनाथ बोस १९२१ मध्ये ढाक्याला गेले, मेघनाद साहा १९२३ मध्ये अलाहाबादला गेले आणि रामन १९३३ मध्ये बंगळूरला. यांपैकी बोसांचा १९२४चा प्रसिद्ध निबंध ढाक्यात लिहिला गेला, हे खरे. पण साहांचे आयनीभवनाचे (तप्त वायूतले अणू विद्युतभारित कसे होतात याचे) समीकरण १९२०चे, म्हणजे कलकत्त्यातले. रामन यांचे नोबेल मिळवून देणारे कामही कलकत्त्यातलेच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक म्हणून गेलेल्या रामन यांना चार वर्षांत ते पद सोडावे लागले. याला केवळ भरभराट म्हणणे कठीण आहे.

आणि ही माणसे गेली म्हणून देशाचे काय बिघडले? साहा अलाहाबादला पंधरा वर्षे राहिले. तेथे त्यांच्या हाताखाली दौलतसिंह कोठारी शिकले, ज्यांच्या अध्यक्षतेखालील १९६४–६६च्या शिक्षण आयोगाचे नाव आपण आजही घेतो. सगळेच कलकत्त्याला चिकटून बसले असते, तर अलाहाबाद आणि ढाका येथे भौतिकशास्त्र कोणी रुजवले असते? पाणी वाहते राहिलेलेच बरे.

तासिकावाला

दोन्ही मते वाचली. थोरामोठ्यांच्या चर्चेत तोंड घालण्याचे कारण एवढेच, की आपण दोघेही जाणाऱ्याकडे पाहत आहात आणि मी मागे राहिलेल्यांतला आहे.

राज्यातल्या एका विद्यापीठाच्या विभागात मी सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो. विभागात मंजूर पदे पाच आहेत. दोन प्राध्यापक निवृत्त झाले आणि तिसऱ्या मॅडम, ज्या आमच्या विभागाचा खरोखर कणा होत्या, एका खासगी विद्यापीठात गेल्या. तेथे त्यांना प्रयोगशाळा मिळाली, प्रकल्प मिळाले, त्यांचे उत्तम चालले आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. मात्र त्यांच्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी चौथ्या वर्षात होती. तिने मार्गदर्शक बदलून मिळावा म्हणून अर्ज केला. समितीची बैठक दोनदा पुढे ढकलली गेली, आणि शेवटी जे मार्गदर्शक मिळाले त्यांचा विषय वेगळा असल्याने तिला एक प्रकरण नव्याने लिहावे लागले. पाणी वाहते राहावे हे ठीक आहे, परंतु ते ज्या विहिरीतून गेले तिच्याकडेही कोणीतरी वाकून पाहावे.

ती तिन्ही पदे आजही रिकामी आहेत. त्यांचे तास मी आणि माझ्यासारखे आणखी दोघे घेतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मानधन नसते आणि दर जूनमध्ये त्याच कागदपत्रांच्या त्याच प्रती घेऊन आम्ही त्याच मुलाखतीला बसतो.

उलटतपासणी

तासिकावाला यांच्या प्रतिसादाने मला माझ्याच उदाहरणाकडे पुन्हा पाहायला लावले. रामन कलकत्त्यात ज्या पदावर होते ते पालित प्राध्यापकपद, तारकनाथ पालित यांच्या देणगीतून निर्माण झालेले. रामन गेल्यावर तेथे देवेंद्रमोहन बोस आले. जगदीशचंद्रांच्या निधनानंतर देवेंद्रमोहन बोस इन्स्टिट्यूटचे संचालक म्हणून गेले, तर १९३८ मध्ये अलाहाबादहून साहा त्याच खुर्चीवर आले. म्हणजे गेलेला माणूससुद्धा परत येऊ शकला, कारण बसायला खुर्ची होती. देणगीचे पद असल्याने सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागली नसावी, असा माझा तर्क आहे. ये-जा चांगली, हे माझे मत कायम आहे; मात्र तुमच्या विभागात नुसतीच जा आहे, ये नाही, हे मी आधी लक्षात घ्यायला हवे होते.

पाटीपेन्सिल

उलटतपासणी यांनी कोसंबींची गोष्ट मी अर्धवट ठेवली असे म्हटले, ते मान्य. पण मग तीही शेवटापर्यंत न्यावी. १९६२ नंतर कोसंबी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी मानद शास्त्रज्ञ म्हणून जोडले गेले आणि १९६६ साली मृत्यू येईपर्यंत काम करीत राहिले. माणूस चौकटीत मावत नसेलही, परंतु एका तुलनेने लहान संस्थेने त्याच्यासाठी जागा केली, ती मोठ्यांना का करता आली नाही, हा माझा प्रश्न शिल्लक राहतोच. 'स्वभाव तिरसट होता' या एका वाक्यावर प्रशासने फार स्वस्तात सुटतात.

तासिकावाला, त्या मुलीचा प्रबंध शेवटी सादर झाला का?

तासिकावाला

झाला. मौखिक परीक्षेला मॅडम स्वतःच्या खर्चाने आल्या होत्या आणि मागच्या रांगेत बसल्या होत्या. शीर्षकपृष्ठावर मार्गदर्शक म्हणून नाव नव्या सरांचे आहे; मॅडमचे नाव ऋणनिर्देशात, चौथ्या ओळीत.