फाउंडेशनल लिपी (इंग्रजी अक्षरांचं सुलेखनातलं एक वळण): ‘ओ’ (o) नीट का येत नाही?

प्रश्न: २ मिमीच्या रुंद निबने सराव सुरू आहे. ‘ओ’ची जाडी दर वेळी वेगळी येते, शाईही कागदावर फुटते. चुकतंय कुठे?

उत्तर १: कोन बदलतोय. निबची धार आडव्या रेषेशी ३० अंशांवर ठेवा आणि बोटांत पेन फिरू देऊ नका. कोन बरोबर असेल तर ‘ओ’ सर्वांत बारीक दिसेल तो घड्याळातल्या ११ आणि ५ च्या जागी. अगदी वर-खाली बारीक झाला तर धार आडवी पडलीय. शिवाय ‘ओ’ एका दमात काढू नका: आधी डावी कोर वरून खाली, मग पेन उचलून पुन्हा वरून उजवी. निब वर ढकलली की कागदात अडकते आणि शिंतोडे उडतात.

उत्तर २: ‘ओ’ची उंचीही तपासा. ब्रिटिश सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टनच्या या वळणात ती निबच्या रुंदीच्या चौपट, म्हणजे तुमच्यासाठी ८ मिमी.

उत्तर ३: शाई फुटते ती बहुधा कागदामुळे, कमी शोषणारा, गुळगुळीत घ्या. निब बुडवण्याऐवजी ब्रशने भरा. नव्या निबवर तेलाचा थर असतो, तो साबणाने धुवा, नाहीतर शाई थेंबाथेंबाने गोळा होते.