पैशाची हाव: मराठवाड्यातले अनुभव, पण आपल्याच घरातले

पैशापायी माणसं कशी फिरली, घरं कशी बसली, ते इथं लिहा. अट एकच: सरपंचाची, पुढाऱ्याची गोष्ट नको, ती सगळ्यांकडं असते. घरातलं लिहा, जमलं तर स्वतःचं. नावं टाळा.

मीच सुरू करतो. जालना जिल्हा. समृद्धी महामार्गात आमची साडेतीन एकर गेली. कोरडवाहू रान; दरसाल पीककर्ज नवं-जुनं करून दिवस काढणारे आम्ही. 2017 साली एकदम रेडी रेकनरच्या कितीतरी पट भाव आला. सातबाऱ्यावर आजोबांमागं दोन्ही आत्यांची नावं लागलेली. तोवर त्याकडं कुणी बघितलंही नव्हतं. आत्या नागपंचमीला यायच्या, जाताना पायली-दोन पायली ज्वारी न्यायच्या, संपलं. मोबदल्याचं कळलं तसं वडलांनी हक्कसोडपत्र तयार केलं. धाकटी आत्या समजून-उमजून सही करून गेली. थोरलीला मी मोटारसायकलवर रजिस्ट्री ऑफिसात नेलं. वाटेत तिनं विचारलं, "कशाचा कागद हाय रे बाबा?" मी म्हणालो, "पीकविम्याचा."

पैसा तीन वर्षं पुरला. एक स्कॉर्पिओ, एक वादातला प्लॉट, बाकी भावकीच्या कोर्टकचेऱ्या.

निवृत्त मास्तर, बीड
तीस वर्षं पोरांना सरळव्याज-चक्रवाढव्याज शिकवलं. रिटायर झाल्यावर मिळालेली सगळी रक्कम एका मल्टिस्टेट पतसंस्थेत टाकली. बँक सहाच्या आसपास द्यायची, हे बारा-तेरा टक्के. एवढं व्याज देणारा ते कमावतो कुठून, हे गणित एकदाही सोडवून बघितलं नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं, पतसंस्थेला नसतं, हेही ठाऊक होतं. बायको म्हणाली होती, निम्मे तरी बँकेत ठेवा. तिला "तुला काय कळतंय" म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी बरोबरीच्या चार शिक्षकांनाही नेलं. ओळखीनं ठेव आणली की मॅनेजर खुर्ची देऊन चहा पाजायचा, त्याची चटक लागली होती. शटर पडल्यावर 1999 च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. आता मालमत्तेची जप्ती, मग लिलाव, मग आमचा नंबर. चौघांतला एक वारला. मी मातीला गेलो नाही.

गोदाकाठचा
वाळूचे दोन टिप्पर होते माझे. रात्रभर केनी, म्हणजे पाण्यातली वाळू ओढून काढायचं साधन, लावून पात्र उपसलं. दोन उन्हाळ्यांत नदीकाठची विहीर आटली. माझीच.

पायाळू
मी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, परभणीकडचा. पायाळूला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात. अमावास्येला माय मला घराबाहेर पडू द्यायची नाही. तिचं काही चुकत नव्हतं. आमच्याच जिल्ह्यात, मानवतला, 1972 ते 74 दरम्यान गुप्तधनापायी बायांचे आणि लहान पोरींचे मुडदे पडले होते. असली अघोरी कृत्यं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात आली, पण माझ्या सख्ख्या चुलत्याला त्याचं काय? वाड्यात मांत्रिक आणून मला म्हणाला, "नुसतं बोट दाखव." भीतीनं मी देवघराकडं दाखवलं, वाटलं देवाला तरी हात लावायचा नाही. त्यानं देव उचलून परातीत ठेवले अन् कंबरभर खणलं. पावसाळ्यात ती मातीची भिंत बसली, आजी आत होती. वाचली, पण पाय गेला. चुलता आजही म्हणतो, मी जागा चुकीची दाखवली.

निवृत्त मास्तर, बीड
जालनेकर, थोरल्या आत्याला पुढं खरं सांगितलं का?

जालनेकर
नाही, मास्तर. ती नागपंचमीला आली नाही म्हणून गेल्या साली फोन केला होता. गुडघे धरलेत म्हणाली. मग तिनंच विचारलं, "त्यो पीकविमा आला का रे तुमचा?" मी म्हणालो, आला.