२.४.० म्हणजे नक्की कुठलं २.४.०? आरसी, नाइटली आणि अंतिम रिलीज ओळखणं

नवा_ॲडमिन
सर्व्हरवर आधीपासून असलेल्या एका टूलला व्हर्जन विचारलं की '२.४.०-आरसी२-१७-जी३ए९एफ१सी४' असं येतं. पॅकेज फाइलच्या नावात मात्र नुसतं २.४.० आहे. हे अधिकृत रिलीज धरायचं का?

टर्मिनलवाला
नाही. ही ओळ गिट (सोर्स कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) च्या 'गिट डिस्क्राइब' कमांडची आहे, शेवटाकडून वाचा. 'जी' म्हणजे गिट, त्यापुढे कमिट हॅशची, म्हणजे नोंदवलेल्या एका बदलाच्या (कमिटच्या) ओळख-क्रमांकाची सुरुवात. आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट, अंतिम रिलीजच्या आधीची चाचणी आवृत्ती; टॅग म्हणजे एखाद्या कमिटला दिलेलं नाव. १७ म्हणजे आरसी२ च्या टॅगनंतर आणखी १७ कमिट. थोडक्यात, हे धड आरसी२ सुद्धा नाही, अधलंमधलं बिल्ड आहे. शेवटी 'डर्टी' दिसलं असतं तर कमिट न केलेले बदलही आत आहेत असा अर्थ. तसं बिल्ड पुन्हा हुबेहूब बनवणं जवळपास अशक्य. फाइलच्या नावावर कधीच जाऊ नका, ते कोणीही बदलतं.

पॅकेजकर
डेबियन किंवा उबंटू असेल तर 'डीपीकेजी -एल' (बसवलेल्या पॅकेजांची यादी) मध्ये व्हर्जन कसं लिहिलंय ते आधी बघा. '२.४.०~आरसी२-१' असेल तर ठीक: टिल्डमुळे ते '२.४.०-१' च्या आधीचं ठरतं आणि अपग्रेड आपोआप येतं. पण कोणी '२.४.०-आरसी२' लिहिलं असेल तर गोची. सेमव्हरमध्ये (व्हर्जन क्रमांक लिहिण्याची एक प्रचलित पद्धत) हायफन म्हणजे रिलीजच्या आधीचं. डेबियनमध्ये हायफननंतरचा भाग पॅकेजची रिव्हिजन, आणि तिथे 'आरसी२' हे '१' पेक्षा वरचं ठरतं. मग एपीटी (डेबियनमध्ये पॅकेज बसवणारं टूल) अंतिम रिलीजला जुनं समजून हातच लावत नाही. शंका असेल तर 'डीपीकेजी --कंपेअर-व्हर्जन्स' चालवून बघा.

डॉकरचा (प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवणारं टूल) 'लेटेस्ट' टॅगही पुरावा नव्हे, ते फक्त एक नाव आहे.

नवा_ॲडमिन
आणि प्रोग्रॅमच नुसतं २.४.० सांगत असेल तर?

टर्मिनलवाला
तरी खात्री नाही. बरेच प्रोजेक्ट रिलीजच्या आधीच सोर्समधला आकडा वाढवून ठेवतात, त्यामुळे नाइटलीही (ताज्या सोर्समधून रोज आपोआप होणारं बिल्ड) २.४.० च म्हणते. मूळ डाउनलोड हाताशी असेल तर त्याचा एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा) काढून प्रोजेक्टने दिलेल्या यादीशी जुळवा. यादीवर सही असेल तर ती आधी जीपीजीने तपासा. हा आकडा डाउनलोड केलेल्या आर्काइव्हचा असतो. इन्स्टॉल झालेल्या बायनरीशी ताडाल तर जुळणार नाहीच.

आर्काइव्ह नसेल तर प्रोग्रॅमने दाखवलेला कमिट हॅश टॅगच्या कमिटशी ताडा. इथे एक खाच आहे: ॲनोटेटेड टॅगला (संदेशासह स्वतंत्र नोंद म्हणून साठवलेला टॅग) स्वतःचा वेगळा हॅश असतो. नुसतं 'गिट रेव्ह-पार्स' केलंत तर तोच मिळेल आणि बरोबर बिल्डही चुकीचं वाटेल. 'गिट रेव्ह-लिस्ट -एन १' पुढे टॅगचं नाव द्या, म्हणजे खालचा कमिट मिळतो.