अनुभव धागा : गिरगावात पायी फिरताना खाल्लेले, पाहिलेले, ऐकलेले

फणसवाडीची माहेरवाशीण

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी पहिल्यांदाच भुयारी मेट्रोने गिरगाव स्थानकावर उतरले. ऑक्टोबर 2025 मध्ये ही मार्गिका कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून जाईन जाईन म्हणत होते. लग्नापूर्वीची 23 वर्षे ज्या वाडीत काढली, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर सरकत्या जिन्याने वर आले आणि चक्क दिशा हरवून बसले. ज्या इमारतींच्या खुणेवर आम्ही लहानपणी रस्ते ओळखायचो, त्यांतल्या काही उरल्याच नाहीत, त्यामुळे ठाकुरद्वार उजवीकडे की डावीकडे, हेच कळेना. कोणाला तरी विचारावे, तर स्वतःच्या माहेरी पत्ता विचारण्याची लाज वाटली. तेवढ्यात कुठल्याशा गिरणीतून चकलीची भाजणी दळल्याचा वास आला, भाजलेल्या धण्यांचा आणि जात्यावरच्या गरम पिठाचा, आणि पाय आपोआप त्या दिशेला वळले. पुढच्या कोपऱ्यावर विनय हेल्थ होम या उपाहारगृहाची पाटी दिसली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी मी ठरवून काहीच पाहिले नाही. गायवाडीजवळच्या प्रकाश दुग्ध मंदिरात साबुदाणा वडा आणि पियूष घेतले, खोताच्या वाडीतून रमतगमत फिरले, आणि परतताना एका चाळीच्या चौकात मुले कंदिलाच्या कामट्या बांधत होती, तिथे अर्धा तास उभी राहिले. घरी आल्यावर मात्र रात्रभर जुने काहीबाही आठवत राहिले. म्हणून आपणा सर्वांना विचारावेसे वाटले की गिरगावात पायी फिरताना आपण काय खाल्ले, काय पाहिले, काय ऐकले? जे स्वतः अनुभवले तेवढेच लिहावे, ही विनंती. ऑपेरा हाउसला गिरगावात धरायचे की नाही, हा वाद कृपया येथे उकरून काढू नये, कारण त्यावरून आमच्या घरात दोन काका आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

डोंबिवली_जलद

ताई, भाजणीच्या वासाने दिशा सापडली हे वाचून फार बरे वाटले. मी मूळचा गिरगावचा नाही, पण गेली बारा-तेरा वर्षे गुढीपाडव्याची शोभायात्रा पाहायला पहाटेच्या गाडीने येतो. फडके गणपती मंदिरापासून यात्रा निघते, तेव्हा उन्हे अजून इमारतींच्या गच्चीवरच असतात आणि खाली रस्त्यावर नऊवारी नेसून, फेटे बांधून दुचाकीवर बसलेल्या मुली नथी सावरत एकमेकींचे पदर बांधून देत असतात. यात्रा सुरू होण्यापूर्वीची ही वीस मिनिटे मला प्रत्यक्ष यात्रेपेक्षा अधिक आवडतात. एक गोष्ट मात्र नम्रपणे नोंदवतो, की पाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने 1999 साली सुरू केली आणि गिरगावने ती नंतर उचलली.

ताशावाला

डोंबिवलीकर महोदय, प्रथा आपली हे मान्य आहे, परंतु मग आपण पहाटेची गाडी पकडून आमच्याकडे का येता, याचाही खुलासा करावा.

डोंबिवली_जलद

खुलासा सोपा आहे. यात्रा संपल्यावर डोंबिवलीत पियूष मिळते, पण त्यासाठी गर्दीत उभे राहून पाय दुखवून घेण्याची मजा मिळत नाही.

रांगोळी_आणि_बरेच_काही

पाडव्याच्या आदल्या रात्री रस्त्यावर रांगोळी घालणाऱ्या गटात मी चार वर्षे होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. वाहतूक कमी झाली की आम्ही प्रथम रस्ता झाडून घ्यायचो, मग मध्यभागी खिळ्याऐवजी एकीला अंगठा रोवून बसवायचो आणि तिच्या हातातल्या सुतळीच्या टोकाला खडू बांधून वर्तुळे आखायचो. रंग भरायला पिठाची चाळण वापरली की थर सारखा बसतो. त्यावर पांढऱ्या रेषा पाचही बोटांमधून एकदम सोडायच्या असतात आणि त्या पाच रेषा समांतर येण्यासाठी मनगट नव्हे, तर कमरेतून सगळे अंग मागे सरकवावे लागते, हे मला दुसऱ्या वर्षी समजले. पहिल्या वर्षी माझे कमळ कोबीसारखे दिसत होते. तिसऱ्या वर्षी पहाटे साडेचारला पाण्याचा एक टँकर अगदी संथपणे आमच्या रांगोळीवरून निघून गेला. चालकाने खिडकीतून हात जोडून क्षमा मागितली, त्यामुळे भांडताही आले नाही. उरलेल्या दीड तासात आम्ही चाकांच्या दोन पट्ट्यांवर वेलबुट्टी काढली आणि सकाळी लोकांनी तिचीच छायाचित्रे सर्वाधिक घेतली.

बाटलीवाली

मी खोताच्या वाडीशी नाते असलेल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबातली आहे. येथे लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण आमच्याकडची मराठी ऐकून शाळेत मुली हसायच्या. दादोबा वामन खोत यांच्या नावावरून वाडीला नाव पडले, त्यांच्याकडून जमिनीचे तुकडे घेऊन आमच्या लोकांनी लाकडी सज्जांची घरे बांधली, आणि एके काळी 65 असलेल्या त्या घरांपैकी आज निम्मीही शिल्लक नाहीत, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. घरांची छायाचित्रे सगळेच घेतात. मला सांगायचे आहे ते आमच्या मसाल्याविषयी.

एप्रिल-मे महिन्यांत माझ्या आजीच्या ओट्यासमोर सुपांमध्ये मिरच्या वाळत पडायच्या. वीसपंचवीस जिन्नस वेगवेगळे भाजायचे, मग दोघीतिघींनी उभे राहून मुसळांनी आळीपाळीने कांडायचे, आणि कांडताना ताल चुकला तर मुसळे एकमेकांवर आदळायची. तयार झालेला मसाला बियरच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये काठीने ठासून भरायचा. बाटल्या गडद रंगाच्या असल्यामुळे मसाल्याला उजेड लागत नाही आणि तो वर्षभर टिकतो. म्हणूनच त्याला बाटलीचा मसाला म्हणतात. आमच्या शेजारच्या ब्राह्मण काकू दरवर्षी गुपचूप एक बाटली न्यायच्या आणि सार्वजनिक रीत्या मात्र ‘आमटीला गोडाच मसाला हवा’ असे सांगायच्या. त्यांच्या घरची वाटली डाळ चैत्रगौरीला आमच्याकडे यायची आणि नाताळात आमच्याकडचे फुगे (तळलेले गोल पाव) त्यांच्याकडे जायचे. ईस्ट इंडियन हे नाव आमच्या लोकांनी 1887 साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला 50 वर्षे झाली त्या सुमारास घेतले, त्यामुळे पुष्कळांना आम्ही बंगालकडचे वाटतो. आम्ही कुठेच गेलेलो नाही, इथलेच आहोत.

फिरायला येणाऱ्यांना एकच विनंती आहे, की वाडीतल्या पायऱ्या या लोकांच्या घराच्या पायऱ्या आहेत. मागच्या वर्षी एक जोडपे विवाहपूर्व छायाचित्रणासाठी आमच्या नातेवाइकांच्या सज्जात चढून बसले होते आणि आतून वृद्ध मावशी नुसत्या गाउनवर बाहेर आल्या.

जोशी_पण_मासे_खाणारे

बाटलीवाली ताई, ‘गुपचूप एक बाटली’ हे वाचून मला माझ्याच आजीचा संशय आला. खोताच्या वाडीतले अनंताश्रम बंद होऊन बरीच वर्षे झाली, तरी तिथली तिसऱ्यांची आमटी माझ्या जिभेवरून जात नाही. फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ, त्यांतले संपलेले पुसून टाकलेले, आणि जेवून झाल्यावर गप्पा मारत बसलेल्या माणसाकडे टाकला जाणारा तो कटाक्ष! बाबा मला तिथे घेऊन जाताना सांगायचे की प्रश्न विचारायचे नाहीत, पटकन जेवायचे आणि उठायचे. घरी विचारले तर मात्र आम्ही साहित्य संघाच्या ग्रंथालयात गेलो होतो.

बाटलीवाली

जोशीबुवा, आपल्या आजी कोणत्या मजल्यावर राहायच्या, ते व्यक्तिगत निरोपातून कळवावे.

तिसरी_घंटा

साहित्य संघाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मुंबई मराठी साहित्य संघ 1935 सालचा आणि केळेवाडीतले डॉ. भालेराव नाट्यगृह 1964 सालचे. मी महाविद्यालयात असताना एका हौशी स्पर्धेत तिथे प्रकाशयोजनेला साहाय्यक होतो. तालमीत सगळे व्यवस्थित झाले होते. प्रयोगात नायिकेच्या मृत्यूच्या प्रसंगी मी चुकीचा दिवा लावला आणि रंगमंचाच्या कडेला चहा पीत उभा असलेला आमचा खलनायक लख्ख उजळून निघाला. त्याने प्रसंगावधान राखून कप नायिकेच्या उशाशी नेऊन ठेवला आणि परीक्षकांपैकी एकाने नंतर त्या ‘प्रतीकाचे’ कौतुक केले. बक्षीस मिळाले नाही, ते योग्यच झाले.

गाण्याविषयी माझ्या वडिलांचे अनुभव माझ्याहून अधिक समृद्ध होते. गणेशोत्सवात गिरगावातल्या गल्ल्यांमध्ये मांडव घालून रस्त्यावरच मैफली होत असत आणि ज्यांना सतरंजीवर जागा मिळत नसे ते वरच्या गॅलऱ्यांमधून ऐकत. वडील सांगत, की गवई समेवर आला की दाद खालून आधी येई आणि वरून क्षणभर उशिरा, कारण वरच्यांना कठड्यावरचा हात काढून ती द्यावी लागे. ऑपेरा हाउसपाशी देवधर मास्तरांचे संगीत विद्यालय होते, जिथे कुमार गंधर्व शिकले. (ऑपेरा हाउसचा उल्लेख केवळ शेजारी म्हणून केला आहे. ताईंच्या काकांनी गैरसमज करून घेऊ नये.)

एडिसनची_सून

मी न्यू जर्सीत राहते, गिरगावात केवळ दोनदा आले आहे आणि खरे सांगायचे तर मला फक्त पियूष आठवते. इथे केले की ते गोड लस्सीसारखे लागते. कोणी नीट सांगेल का? मुलीला शाळेतून आणायला निघते आहे, परत आल्यावर वाचेन.

फणसवाडीची माहेरवाशीण

लस्सीसारखे लागते, कारण आपण बहुधा दही आणि साखर मिक्सरमध्ये फिरवत असाल. पियूषाचा पाया श्रीखंडाचा असतो. एक वाटी श्रीखंड घेऊन त्यात ताजे, आंबट नसलेले ताक थोडे थोडे घालत रवीने घुसळावे. मिक्सर चालवला तर लोणी सुटून वर कण तरंगतात. ताक दीड वाटीच्या आसपास लागते, पण पेला तिरका केल्यावर काचेला पातळ पिवळसर थर धरून राहिला की थांबावे. जायफळ आयत्या वेळी किसावे, वेलची त्याहून कमी, आणि केशर दुधात खलून. नंतर दोन तास थंड होऊ द्यावे.

कामट्या_आणि_खळ

ताई, ज्या चौकात आपण उभ्या राहिलात तो आमचा नसेलही, पण वर्णन आमच्याच चाळीचे वाटते. आमच्याकडे अजूनही चौकातला मोठा कंदील घरीच बनतो. बांबू आणून दोन दिवस भिजवायचा, कामट्या तासायच्या, सांगाडा सुतळीने बांधायचा आणि मैद्याच्या खळीने घोटीव कागद चिकटवायचा. खळ शिजवताना त्यात चिमूटभर मोरचूद घालतात, नाहीतर रात्री झुरळे कागद खातात. कागद आम्ही हलका ओला करून ताणतो, वाळल्यावर तो डफासारखा घट्ट बसतो. तयार कंदील बाजारात दोनतीनशे रुपयांना मिळतात, आमच्याला जवळपास दहा रात्री लागतात. या वर्षी कागद चिकटवायला सात मुले होती, त्यांतली तीन चाळ सोडून मीरा रोडला राहायला गेलेल्यांची होती आणि शेवटच्या लोकलने परत जात होती.

पत्ता_बदललेला

मीही त्या गेलेल्यांतलाच. मेट्रोच्या कामासाठी आमची इमारत पाडली. तक्रार म्हणून सांगत नाही, पर्यायी जागा मिळाली आहे. परंतु अनंत चतुर्दशीला आमच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत चाळीसएक पाहुणे असायचे आणि आई मोठ्या पातेल्यात पोहे लावून ठेवायची. निकदवरी लेनच्या गणपतीची शाडूची एवढी उंच मूर्ती चौपाटीकडे निघाली, की तिचा मुकुट आमच्या कठड्याच्या वर यायचा आणि बाप्पा समोरासमोर भेटायचे. आता मी खाली रस्त्यावर उभा राहून पाहतो, तेव्हा मान वर करावी लागते. त्याची सवय अद्याप झालेली नाही.

रांगोळी_आणि_बरेच_काही

पुढच्या वर्षी चतुर्दशीला आमच्या गॅलरीत या. दुसरा मजला आहे, मुकुट थोडा खाली राहील. पोहे मात्र आपणच आणावेत, कारण माझे गचका होतात.

पत्ता_बदललेला

आईला विचारून कळवतो. पातेले अजून आहे.

डोंबिवली_जलद

केशवजी नाईक चाळीविषयी अद्याप कोणीच कसे लिहिले नाही? 1893 सालापासून तिथे गणेशोत्सव होतो आणि 1901 साली लोकमान्य टिळक तिथे आले होते. मी गेलो तेव्हा एक आजोबा बाकावर बसून जाणाऱ्यायेणाऱ्याला प्रसाद देत होते. मूर्ती लहानशीच, आणि विसर्जनाला ती पालखीतून नेतात. इतर मांडवांच्या आवाजातून तिथे शिरल्यावर आधी कान बसल्यासारखे वाटले.

ताशावाला

हे मात्र आमच्या आधी डोंबिवलीकराने लिहिले, याची नोंद घेतली आहे. पाडव्याला भेटा, पियूष माझ्याकडून. पेला एकच.

एडिसनची_सून

रवीने केले. काचेला थर धरला. जायफळ जरा जास्त झाले आणि आता दुपारी साडेतीनला घरातले सगळेच पेंगत आहेत.