सातारा हिल हाफची तयारी: बेळगावात चढ-उताराचा सराव कुठे आणि कसा करावा?

शहापूरची_धावपटू
नमस्कार मंडळी. वय ४३, बँकेत नोकरी. गेल्या दिवाळीपासून पळायला लागले. तेव्हा टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात निम्मी फेरी झाली की दम लागायचा, आता १० किलोमीटर ७० मिनिटांत होतात. पण फेब्रुवारीपासून वेळ तिथेच अडकून बसलाय. आठवड्यातून चार दिवस पळते, प्रत्येक वेळी ६-७ किलोमीटर आणि प्रत्येक वेळी जीव तोडून. सप्टेंबरातल्या सातारा हिल हाफला, म्हणजे २१ किलोमीटरच्या हाफ मॅरेथॉनला, नाव घातलंय. आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने उतरून यायचं. आमच्या शहापूर-टिळकवाडीत सराव करण्याजोगा चढच नाही. कुठे जाऊ? आणि मधे जून ते ऑगस्ट आपला पाऊस, त्यात लांब पळणं कसं जमवता तुम्ही लोक?

कॅम्पातले_काका
ताई, चढाचं नंतर बघू. आधी "प्रत्येक वेळी जीव तोडून" हे बंद करा. वेळ अडकलाय तो त्यामुळेच. १० किलोमीटर ७० मिनिटांत म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं. ही तुमची शर्यतीची गती झाली. रोजचं पळणं ८ ते साडेआठ मिनिटांनी करा. बरोबरच्या माणसाशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, तुटक तुटक नव्हे. पहिले दोन-तीन आठवडे फार हळू वाटेल, चालणारेसुद्धा जवळून जातील. जाऊ देत. हळू आणि जास्त वेळ पळण्यानेच स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि शरीर चरबी जाळायला शिकतं. हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडं आणि स्नायूबंध महिने घेतात. दुखापत होते ती या मधल्या काळात.

रविवारी एकच लांब पल्ला ठेवा. १० पासून सुरू करून दर आठवड्याला एक-दीड किलोमीटर वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. १८ पर्यंत पोचलात की पुरे, २१ शर्यतीतच होऊ देत. जोरात पळायचा दिवस आठवड्यात एकच. कॅम्पात सकाळी या, जुन्या झाडांची सावली आहे आणि रहदारी कमी.

गतीचा अंदाज हवा असेल तर रिगेल यांचं सूत्र वापरतात. ७० मिनिटांच्या १० किलोमीटरवरून सपाट हाफ २ तास ३५ मिनिटांच्या आसपास येते. साताऱ्यात हा आकडा घरी ठेवून जा, घाट आहे तो.

येळ्ळूरकर
ओ ताई, चढ नाही कसा? राजहंसगड आहे की! शहरापासून १५ किलोमीटरच्या आसपास, वरपर्यंत डांबरी रस्ता. गाडी खाली गावात लावायची, पहाटे वर जायचं. रविवारी उजाडलं की महाराजांचा पुतळा बघायला गाड्या सुरू होतात, म्हणून अंधारातच निघा, टॉर्च घ्या.

चढताना घड्याळाकडे बघू नका. पाऊल आखूड, अंग घोट्यापासून जरासं पुढं, कमरेत वाकायचं नाही. वाकलं की श्वास कोंडतोय बगा. दम तुटायच्या आधीच चालायला लागा. जिथं चढ फार उभा आहे तिथं भरभर चालणारा आणि पळणारा जवळजवळ एकाच वेळी वर पोचतात, पण चालणाऱ्याचे पाय शिल्लक राहतात.

आता उताराचं सांगतो, कारण सातारा सगळ्यांना उतारावर धरतोय. चढाला सगळे घाबरतात, उताराचा सराव कुणीच करत नाही. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्याला आतून बारीक इजा होते. १५-१६ किलोमीटरला मांड्या दगड होतात त्या ह्यामुळे. पण एकदा नीट उतरून घेतलं की तोच स्नायू पुढचे काही आठवडे कमी दुखतो. शर्यतीच्या सहा-सात आठवडे आधी पहिला उतार पळा, सुरुवातीला हलकाच. दोन-तीन दिवस जिने उतरताना कळ येईल, तेवढं येऊ द्या. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी. टाच पुढं टाकून ब्रेक लावायचा नाही. पाऊल अंगाखालीच पडलं पाहिजे आणि भरभर पडलं पाहिजे.

चंदगडची_लेक
राजहंसगड छान आहे, पण चढ लवकर संपतो, वर-खाली दोन-तीनदा करावं लागतं. सातारचा घाट सलग आहे. महिन्यातून एकदा तरी हद्दीपलीकडे आमच्याकडे या. वेंगुर्ला रोडने शिनोळी, तिथून देवरवाडी आणि पुढे महिपाळगडावरच्या गावापर्यंत रस्ता जातो. वाटेत वैजनाथाचं देऊळ लागतं. सलग चढ म्हणजे काय ते तिथे कळेल. पावसाळ्यात धुकं दाट असतं, एकटीने मात्र जाऊ नका.

शहापूरची_धावपटू
इतकं सविस्तर लिहिलंत, खरंच आभार. कालच हळू पळून बघितलं. विचित्र वाटलं, पण ९ किलोमीटर झाल्यावरही थकवा नव्हता. एक राहिलंच. उजव्या नडगीत आतल्या बाजूला दुखतं. सुरुवातीला जास्त, मग पळता पळता कमी होतं. चालेल का असं?

अनगोळ_फिजिओ
मी फिजिओथेरपिस्ट आहे, तरी न बघता निदान करणार नाही. एवढं स्वतः तपासा. नडगीच्या आतल्या कडेला बोट फिरवत खाली या. चार-पाच बोटांच्या पट्ट्यात सगळीकडे सारखं दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुतेक वेळा तो वाढलेल्या ताणाचा परिणाम असतो. पळणं निम्म्यावर आणा, उताराचा सराव तूर्त थांबवा. पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करा, आधी दोन्ही पायांनी आणि जमलं की एका पायाने.

पण एकाच बिंदूवर बोट ठेवल्यावर कळ मारत असेल, रात्री झोपेत दुखत असेल, किंवा त्या पायावर उडी मारता येत नसेल, तर पळणं लगेच बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा असू शकतो आणि तो सुरुवातीला एक्स-रेत दिसेलच असं नाही. चाळिशीनंतर बायकांनी हे अंगावर काढू नये. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्वही एकदा बघून घ्या. थकवा "वयाचा" म्हणून कितीतरी जणी गप्प बसतात.

निपाणीकर_पळतोय
पावसाचं कुणी लिहिलंच नाही. माझं मत, पावसात पळाच. साताऱ्यातही त्या दिवसांत घाटात पाऊस-धुकं असतंच, सवय झालेली बरी. फक्त शेवाळलेल्या फुटपाथवरून आणि रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून पळू नका, पाय सटकतो. विजा कडाडत असतील तर घरीच थांबा. काखेत, मांड्यांना व्हॅसलीन. सुती मोजे अजिबात नकोत, भिजले की फोड ठरलेला. घरी आल्यावर बुटातला तळवा काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका, गोंद सुटतो. बुटांचे दोन जोड असतील तर उत्तम, आणि शर्यतीचा जोड आधी दोन-तीन लांब पल्ल्यांना वापरलेला असावा.

खाण्याचं पण आत्तापासून ठरवा. लांब पल्ल्याच्या दिवशी जे पोटाला मानवतं तेच साताऱ्याला. मला खजूर आणि केळं मानवतं. आदल्या रात्री साधा भात-आमटी, तिखट रस्सा नको.

शहापूरची_धावपटू
बोट फिरवून बघितलं, पट्ट्यात दुखतं, एका बिंदूवर नाही. उडीही मारता येते. तरी दोन आठवडे कमी पळते आणि शनिवारी दाखवून येते. त्यानंतर राजहंसगड. येळ्ळूरकर, पहाटे कुणी बायका असतात का हो तिकडे?

येळ्ळूरकर
आमची वहिनी असते की, आणि वडगावच्या दोघी येतात. रविवारी पाच वाजता येळ्ळूरच्या वेशीत थांबतो, तिथून सगळे मिळून जातो. पाय बरा झाला की इथंच कळवा. उताराला तुम्ही वहिनीच्या मागं राहा, ती पाऊल बरोबर टाकते.